नापास विद्यार्थ्याला शाळेच्या बँडमध्ये वाजवू द्यावे का?

आपला प्रश्न असा आहे. आपल्या शाळेच्या बँडमध्ये चाळीस मुले आहेत. त्यांतील सहा जण नुकत्याच झालेल्या परीक्षेत एखाद्या तरी विषयात नापास झाले आहेत आणि कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला आहे. कोणत्याही एका विषयात नापास असलेल्या विद्यार्थ्याने मंचावर वाजवायचे नाही, असा शाळेचा नियम आहे आणि त्यानुसार मुख्याध्यापकांनी आपल्याला सहा नावे वगळण्यास सांगितले आहे. आपल्याला ते पटत नाही, पण ‘शाळा आधी अभ्यासासाठी असते’ या त्यांच्या म्हणण्याला काय उत्तर द्यावे, हेही सुचत नाही.

मी सत्तावीस वर्षे शाळेत बँड शिकवला. या काळात हा नियम राबवला, त्याला विरोध केला आणि एकदा तो मोडून चूकही केली. त्या अनुभवावरून माझे मत आधी स्पष्ट सांगतो. बँड हा वेळापत्रकातला विषय असेल, त्याला तास आणि गुण असतील, तर त्या विषयाच्या कार्यक्रमातून नापास विद्यार्थ्याला वगळू नये. त्यापलीकडच्या गोष्टींबाबत, म्हणजे स्पर्धा, परगावचे दौरे, शाळा सुटल्यानंतरच्या जादा तालमी यांबाबत, थोड्या मुदतीची मर्यादा घालणे योग्य आहे आणि पुष्कळदा आवश्यकही आहे. मात्र दोन्ही बाबतींत नेहमीची तालीम बंद करू नये.

आपला आणि मुख्याध्यापकांचा मतभेद बहुधा पहिल्याच पायरीवर होत असावा. आपण बँडकडे विषय म्हणून पाहता आणि ते बक्षीस म्हणून पाहतात. भूगोलात नापास झालेल्या मुलाला विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसू द्यायचे नाही, असे कोणतीही शाळा म्हणत नाही, कारण एका विषयातील उणिवेची भरपाई दुसऱ्या विषयाचे शिक्षण थांबवून होत नाही, हे सर्वांना मान्य असते. बँडच्या विषयात कार्यक्रम म्हणजे तेच प्रात्यक्षिक असते. चार महिने शिकवलेला श्वास, सूर, ताल आणि एकमेकांचे ऐकून वाजवणे या गोष्टी श्रोत्यांसमोर, न थांबता, चुकले तरी पुढे जात, एकदाच करून दाखवायच्या असतात. तालमीत शिक्षक हात वर करून थांबवू शकतो आणि चुकलेली ओळ पुन्हा घेऊ शकतो, मंचावर तसे करता येत नाही. या अनुभवाला दुसरा पर्याय नाही, म्हणून तो काढून घेतला की त्या मुलाचा अभ्यासक्रमच अपुरा राहतो. मुख्याध्यापकांशी बोलताना आपण इथून सुरुवात करावी. ‘मुलांचा उत्साह मावळेल’ या मुद्द्याने सुरुवात केली, तर चर्चा लगेच दयामायेकडे वळते आणि तिथे आपली बाजू लंगडी पडते.

दुसरा मुद्दा बँडच्या रचनेचा आहे आणि संगीत न शिकलेल्या माणसाला तो सहसा ठाऊक नसतो. खेळाच्या संघात राखीव खेळाडू असतात, एक बाहेर बसला तर दुसरा आत येतो. शालेय बँडमध्ये राखीव कोणी नसते. एका स्वरसंघात, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या समूहात, सा, ग आणि प हे तीन स्वर तीन वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिलेले असतात. समजा त्यातला ग, म्हणजे गंधार, दोन मुले धरतात आणि ती दोन्ही मुले आपल्या सहा जणांत आहेत. त्यांना काढल्यावर सा आणि प उरतील, सूर बेसूर होणार नाही, पण तो स्वरसंघ प्रसन्न आहे की उदास, हे श्रोत्याला कळणारच नाही, कारण शुद्ध गंधार की कोमल, यावरच ते ठरत असते. एकच ट्युबा (सर्वांत खालचे स्वर देणारे मोठे पितळी वाद्य) असलेल्या बँडमधून ट्युबा गेला तर वरची सगळी वाद्ये अधांतरी वाटू लागतात. ज्या मुलांनी वर्षभर खालून येणाऱ्या त्या स्वरावर आपला सूर लावला, त्यांचे कान अचानक आधार शोधू लागतात आणि मग जी मुले सर्व विषयांत उत्तीर्ण आहेत तीही चुकतात.

संचलनात तर ही गोष्ट डोळ्यांना दिसते. संचलन करणाऱ्या अनेक बँडमध्ये पाच यार्डांचे अंतर आठ पावलांत कापण्याची पद्धत आहे, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे येते. प्रत्येक मुलाची जागा ठरलेली असते आणि तो ती जागा डावी-उजवीकडच्या सोबत्यांवरून डोळ्यांच्या कडेने पडताळत चालतो. मधली दोन मुले काढली की रांगेत खिंडार पडते आणि उरलेल्यांची ओळ वाकते. ते टाळायचे तर पूर्ण आकृती नव्याने बसवावी लागते आणि तीन आठवड्यांत ते होत नाही. सहा जणांना दिलेली शिक्षा अशा रीतीने चाळीस जण भोगतात. उरलेल्या चौतीस जणांनी सगळ्या अटी पाळल्या होत्या, त्यांच्या पालकांना आपण काय सांगणार, हा प्रश्न मुख्याध्यापकांना जरूर विचारावा.

आता त्यांच्या बाजूकडे येतो, कारण ती पोकळ नाही. बँड वेळ खातो. शाळा सुटल्यावर रोज दीड तास तालीम म्हटली तर आठवड्याच्या पाच दिवसांत साडेसात तास झाले. त्यात वाद्य आवरणे, घरी पोहोचणे आणि घरचा सराव धरला, तर जे मूल गणितात अडखळते आहे त्याच्या अभ्यासाचा सर्वांत चांगला वेळ आपणच घेतलेला असतो. कार्यक्रम जवळ आला की आपण बँडशिक्षक तालमी वाढवतो, आणि चाचण्याही साधारण त्याच सुमारास असतात. या बाबतीत दोष मुलाचा नसतो, आपल्या नियोजनाचा असतो. मी अनेक वर्षे वाढीव तालमींचे समर्थन केले आणि आज मला वाटते की त्यांतील निम्म्या तरी तालमी मी पाठ तयार न करता घेतल्या होत्या. तासभर सगळा बँड बसवून फक्त तुताऱ्यांच्या आठ ओळी घोटून घ्यायच्या आणि बाकीच्या तीस मुलांनी मांडीवर वाद्य घेऊन वाट पाहायची, असे किती वेळा घडले त्याची गणती नाही. अभ्यासाच्या नावाने बँडवर नियम लादला जाऊ नये असे वाटत असेल, तर बँडच्या नावाने अभ्यासाचा वेळ वाया जाणार नाही ही हमी आपण द्यायला हवी, आणि ती कागदावर, तासांच्या हिशेबासह द्यायला हवी.

नियमामागचा दुसरा तर्क धाकाचा आहे. वाजवायला मिळणार नाही या भीतीने मूल अभ्यासाला लागेल, असे म्हटले जाते. काही मुलांच्या बाबतीत हे खरे ठरते आणि ते मी पाहिले आहे. ज्याला विषय समजतो पण जो कंटाळ्याने गृहपाठ देत नाही, तो मुलगा वाद्य हातातून जाईल म्हटल्यावर आठ दिवसांत सगळ्या वह्या पूर्ण करून आणतो. परंतु नापास होण्याचे हे एकच कारण नाही. कोणाला अपूर्णांकच कळलेले नसतात आणि त्यावर पुढचे बीजगणित उभे असते. कोणाला वाचनात मूलभूत अडचण असते, जी कोणी तपासलेलीच नसते. कोणी दीड महिना आजारी होता, कोणी घरी धाकट्या भावंडांना सांभाळतो. या मुलांना धाक दाखवला तरी ती जे करू शकत नाहीत ते करू शकत नाहीत. त्यामुळे यादीवर सहा नावे आहेत एवढी माहिती निर्णयाला पुरत नाही. सहा जण कोणत्या कारणाने नापास झाले, हे विषयशिक्षकांकडे जाऊन एकेकाबद्दल विचारावे. न दिलेल्या कामाचे शून्य गुण आहेत की दिलेल्या उत्तरपत्रिकेतील चुका आहेत, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मे चित्र स्पष्ट होते.

माझ्या हातून घडलेल्या दोन गोष्टी सांगतो. एका वर्षी मी आपल्यासारख्याच नियमापुढे मान तुकवली आणि युफोनियम हे झडपांचे पितळी वाद्य वाजवणाऱ्या नववीच्या एका मुलाला कार्यक्रमाच्या नऊ दिवस आधी काढले. तो एका विषयात चार गुणांनी मागे होता. कार्यक्रमाच्या दिवशी तो कोणी न बोलावता आला, खुर्च्या मांडल्या, स्वरलिपीचे स्टँड लावले आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर पडद्यामागे एका पेटीवर बसून राहिला. मी मंचाच्या कडेला उभा होतो. तिथून मला त्याचा उजवा हात दिसत होता. आपला भाग आला की गुडघ्यावर त्याची तीन बोटे झडपांच्या क्रमाने, अगदी वेळेवर, खाली-वर होत होती. शेवटच्या रचनेपर्यंत एकही जागा त्याने चुकवली नाही. पुढच्या परीक्षेत तो त्या विषयात उत्तीर्ण झाला नाही आणि पुढच्या वर्षी त्याने बँडला नाव दिले नाही. या घटनेवरून सगळ्या नापास मुलांबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, पण त्या मुलापुरता तरी त्या नियमाने कोणता हेतू साधला, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट उलटी आहे. क्लॅरिनेटची एक अतिशय गुणी मुलगी तीन विषयांत मागे होती आणि स्पर्धेत तिचे एकल वादन होते. मी विषयशिक्षकांकडे जाऊन शब्द टाकला, त्यांनी संकोचाने एक जादा चाचणी घेतली आणि तिला काठावर पास केले. स्पर्धा उत्तम झाली. त्यानंतर आणखी दोन कार्यक्रम झाले आणि वर्षाअखेर ती पाच विषयांत नापास झाली. तिला मदतीची गरज होती आणि ती गरज मी बँडच्या एकल वादनासाठी झाकून ठेवली होती. म्हणून आपणास कळकळीने सांगतो, बँडसाठी कोणाकडेही गुण मागू नका. तसे केल्याने मुलाचे नुकसान होतेच, शिवाय पुढच्या वेळी आपण खऱ्या कारणासाठी सवलत मागायला गेलो तर सहकारी विश्वास ठेवत नाहीत.

या विषयावर कायदा करून पाहिलेल्या ठिकाणाचा अनुभवही उपयोगी पडेल. अमेरिकेतील टेक्सास राज्याने 1984 साली शिक्षण सुधारणेचा मोठा कायदा केला. उद्योजक रॉस पेरो यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामातून तो पुढे आला होता. त्यातील ‘उत्तीर्ण नाही तर खेळ नाही’ अशा अर्थाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार कोणत्याही विषयात शंभरपैकी सत्तरपेक्षा कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यावर सहा आठवडे उपक्रमबंदी येत असे. रोख मुख्यत्वे अमेरिकन फुटबॉलवर होता, पण बँडही त्या जाळ्यात आला. पालक न्यायालयात गेले आणि 1985 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. अशा उपक्रमांत भाग घेणे हा घटनादत्त मूलभूत हक्क नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यामुळे ‘हा मुलांचा हक्क आहे’ एवढ्या युक्तिवादावर फार भिस्त ठेवू नये, असे मला वाटते.

महत्त्वाचे आहे ते त्यानंतर झालेले बदल. 1995 मध्ये बंदीची मुदत सहा आठवड्यांवरून तीन आठवड्यांवर आली, म्हणजे तीन आठवड्यांनी गुण सुधारलेले दिसले तर विद्यार्थी परत येऊ शकतो. आजच्या कायद्यात बंदीच्या काळातही इतरांबरोबर सराव आणि तालीम करण्याची मुभा आहे, बंदी फक्त स्पर्धा व जाहीर सादरीकरणापुरती आहे. अतिप्रगत अभ्यासक्रमांना वेगळी वागणूक आहे, जेणेकरून कठीण विषय निवडणाऱ्या मुलाला त्याच धाडसाची शिक्षा होऊ नये. अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याच्यासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याचा निकष पाहिला जातो. ज्या विषयांच्या अभ्यासक्रमातच जाहीर सादरीकरण आवश्यक मानले आहे, त्यांच्यासाठीही काही अटींवर सवलत ठेवलेली आहे. म्हणजे इतका कडक नियम करणाऱ्यांनाही मुदत कमी करावी लागली, तालीम चालू ठेवावी लागली आणि विषय व उपक्रम यांत फरक करावा लागला. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात तर उपक्रम कशाला म्हणायचे याची व्याख्याच अशी आहे की, जो नियमित अभ्यासक्रमाचा भाग नाही, ज्याला गुण नाहीत आणि जो तासांच्या वेळेत होत नाही, तोच त्यात मोडतो. आपल्या शाळेच्या नियमात असा फरक केलेला नसेल, तर तो नियम सदोष लिहिला गेला आहे असे आपण आदराने, पण ठामपणे म्हणू शकता.

इथे एक सावधगिरी सुचवतो. बँडची बाजू मांडताना ‘संगीत शिकणारी मुले अभ्यासात पुढे असतात, म्हणून बँड थांबवू नका’ असे बोलण्याचा मोह होतो. संगीत शिकणाऱ्या मुलांचे गुण अनेकदा सरासरीपेक्षा अधिक दिसतात हे खरे आहे, परंतु संगीतामुळे गुण वाढले की ज्यांच्या घरी वेळ, पैसा आणि शिस्त आहे अशीच मुले संगीताकडे अधिक येतात, हा प्रश्न त्या आकड्यांवरून सुटत नाही. शिवाय हा युक्तिवाद आपल्याच अंगावर उलटतो. समोर सहा नापास मुले बसली असताना ‘बँडने अभ्यास सुधारतो’ असे म्हटले, तर मुख्याध्यापक सहज विचारतील की मग यांचा का सुधारला नाही. बँड हा स्वतः शिकण्याजोगा विषय आहे, एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि ते खरेही आहे.

नियम ठेवायचाच असेल तर तो कसा असावा, याबद्दल माझा अनुभव असा की सगळे काही तारखेवर अवलंबून असते. परीक्षेचा निकाल लागल्यावर, कार्यक्रम तोंडावर असताना नावे काढण्यात शिक्षणाचा काही भाग नसतो. शेवटची नऊ वर्षे मी सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात विषयशिक्षकांकडे एक छोटी चिठ्ठी पाठवत असे. तीत बँडच्या मुलांची नावे आणि पुढे एकच रकाना असे: कोणाबद्दल काळजी वाटते आणि कशामुळे. बहुतेक शिक्षक दोन मिनिटांत ती भरून देत. ज्यांची नावे येत, त्यांना आठवड्यातील दोन दिवस जादा तालमीतून सूट देऊन शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसवत असू आणि वरच्या वर्गातील एक-दोन वादक त्यांना शिकवत. ही सूट आहे, हकालपट्टी नाही, हे मुलांना समजावे म्हणून मी त्या वेळेत त्यांच्या भागाची तालीम ठेवत नसे. सुरुवातीला मुलांना ते कमीपणाचे वाटले, पण एका वर्षी पहिल्या तुतारीवरचा मुलगाच त्या खोलीत बसला आणि मग कोणाला काही वाटेनासे झाले. नापास मुले अजिबात राहिली नाहीत असे नाही, पण कार्यक्रमाच्या तोंडावर नवे नाव कळून धक्का बसण्याचे प्रसंग थांबले.

याच संदर्भात एवढेच सांगतो की, वर्तनाचा प्रश्न गुणांच्या प्रश्नात मिसळू नये. तालमीला न येणारा, वाद्याची नासधूस करणारा किंवा इतरांना त्रास देणारा मुलगा सर्व विषयांत पहिला असला तरी त्याला मंचाबाहेर ठेवण्याचा अधिकार आपल्याला असला पाहिजे. आणि गुणांची चर्चा कधीही सर्वांसमोर करू नये. तालमीत उभे राहून सहा नावे वाचून दाखवणारा शिक्षक मी पाहिला आहे आणि ती नावे ऐकताना खाली गेलेल्या माना मी विसरलेलो नाही.

आता आपल्या सहा जणांकडे येऊ. तीन आठवडे हातात आहेत. प्रथम प्रत्येकाचे कारण विषयशिक्षकांकडून समजून घ्या. ज्यांचे फक्त काम द्यायचे राहिले आहे, त्यांना विषयशिक्षकांच्या संमतीने दहा दिवसांची मुदत द्या आणि ते काम पूर्ण होईपर्यंत शाळेनंतरच्या जादा तालमीतून मोकळे ठेवा. ज्यांना विषयच कळलेला नाही, त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांकडे शिकवणीची मागणी करा आणि त्यांचे मंचावर असणे त्या विषयाच्या गुणांशी जोडू नये असे लेखी मांडा, कारण अपूर्णांकांचा तीन वर्षांचा अनुशेष तीन आठवड्यांत भरून निघणार नाही. मुख्याध्यापकांना भेटताना जादा तालमींचे कमी केलेले तास, सहा जणांची अभ्यासाची वेळ आणि कार्यक्रमानंतर महिनाभराने त्यांच्या प्रगतीचा आढावा, असे एका पानाचे वेळापत्रक सोबत न्या. त्यांना नियम शिथिल केल्याचा ठपका नको असतो, म्हणून ‘अपवाद’ हा शब्द टाळून ‘देखरेखीची मुदत’ म्हणावे. माझ्या अनुभवात एवढ्या तयारीने गेल्यावर दोन मुख्याध्यापकांनी होकार दिला आणि एकाने दिला नाही.

आपल्यालाही नकार मिळाला, तर तो पाळावा लागेल. त्या परिस्थितीत त्यांचे महत्त्वाचे स्वर इतर वाद्यांना तात्पुरते लिहून द्या, गंधाराची जागा रिकामी राहू देऊ नका, पण सहाही जणांना शेवटच्या तालमीपर्यंत त्यांच्या जागी बसवून पूर्ण वाजवू द्या. कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात, तासाच्या वेळेत, वर्गाच्या खोलीत, संपूर्ण बँडने तोच कार्यक्रम पुन्हा एकदा सलग वाजवावा आणि त्यावर त्या सहा जणांना बँडच्या विषयाचे गुण द्यावेत. त्यांच्या पालकांना त्या तासाला बोलवायची परवानगी मिळाली तर जरूर बोलवा. आणि तोवर त्यांच्या खुर्च्या, स्टँड आणि स्वरलिपीच्या फायली आहेत तिथेच राहू द्या, दुसऱ्या कोणाला देऊ नका.